शेकोटीपुढची साक्ष

मे महिना लागला की आमच्या चर्चच्या ग्रुपवर दोन गोष्टी न चुकता येतात. एक, युवक शिबिराची सूचना: 'नावं लवकर द्या, जागा मर्यादित.' जागा कधीच मर्यादित नसते, शेवटच्या दिवशी आलेल्यालाही गादी मिळते. आणि दुसरी, त्या सिनेमाची लिंक. कुणीतरी दरवर्षी ती उकरून काढतं, खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागते, आणि मंडळीत नव्यानं आलेली एखादी बाई रविवारी मला गाठते. "ही तुमची रूथ ना हो? काय अभिनय केलाय पोरीनं!" मी म्हणते, "हो, जमलाय खरा." तेवढंच म्हणते. चहाचा कप हातात धरून उभ्याउभ्या सांगण्यासारखी ती गोष्ट नाही.

मे महिन्यात आमचं सीवूड्स उपनगर रिकामं होतं. अर्धी सोसायटी कोकणात, अर्धी देशावर. लिफ्ट पहिल्या हाकेला येते, पार्किंगमध्ये पोरं क्रिकेट खेळतात आणि वॉचमन त्यांचा अंपायर होतो. दुपारी पान हलत नाही. संध्याकाळी खाडीवरून वारा सुटतो, तो करावे गावातल्या सुकत घातलेल्या मासळीचा वास घेऊनच. नव्या बिल्डिंगीतले लोक धाडधाड खिडक्या लावून घेतात. आमच्या ह्यांना तो वास आवडायचा. बाल्कनीत बनियनवर उभे राहून ते छाती भरून श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, "फुकट जेवण चाललंय." नगर जिल्ह्यातल्या कोरड्या गावात वाढलेल्या माणसाला खाडीचं काय कौतुक असतं, ते खाडीकाठच्या माणसाला नाही कळायचं.

आम्ही ख्रिस्ती आहोत म्हटलं की लोक आधी विचारतात, "गोव्याचे का?" मग नगर सांगितलं की जरा हिरमुसतात. शेजारच्या सावंतबाई इतकी वर्षं झाली तरी नाताळला माझ्याकडे वाईनची चौकशी करतात आणि मी त्यांना करंज्या देते. त्या वर्षीही त्यांनी विचारलं होतं, "शिबिरात काय करतात हो तुमच्यात? संस्कारवर्गासारखं?" म्हटलं, तसंच. सकाळी प्रार्थना, मग पोहे, मग बायबलचा पाठ, मग खेळ, मग गाणी. फरक एवढाच की शेवटच्या संध्याकाळी शेकोटी पेटवतात आणि मुलं उठून साक्ष देतात. आता साक्ष म्हणजे कोर्टातली नव्हे. देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. हिला एक ठरलेली वाट असते. आधी मी कसा वाया गेलो होतो, मग प्रभूनं मला कसा स्पर्श केला, आणि शेवटी 'म्हणून मी प्रभूचे आभार मानतो.' हे शेवटचं वाक्य आलं की सगळे आमेन म्हणतात आणि माणूस खाली बसतो. लहानपणापासून इतक्या साक्षी ऐकल्यात की कोण कुठे रडणार हे मी आधी सांगू शकते.

रूथ तेव्हा सोळाची होती आणि तिचे पप्पा जाऊन वर्ष होत आलं होतं. एरवी मे महिन्यात आम्ही गावी जायचो. त्या वर्षी गावाचा विषय मीही काढला नाही आणि तिनंही नाही. तशी ती ठीक होती. कॉलेजला जायची, मैत्रिणींशी फोनवर खिदळायची, चर्चमध्ये गायची. फक्त पप्पांचं नाव निघालं की उठायची. "पाणी पिऊन येते," म्हणायची आणि स्वयंपाकघरात जायची ती विषय बदलेपर्यंत यायची नाही. सासूबाईंचा फोन आला, पाणी. चर्चचे पाळकसाहेब घरी भेटायला आले, पाणी. मी एकदा जेवताना सहज म्हटलं, "ह्यांना ही भाजी आवडायची," तर भरल्या ताटावरून उठली. रडली असती तर मी जवळ तरी घेतलं असतं. पोर एक अक्षर बोलत नव्हती. एकाच घरात, एकाच माणसाच्या दुःखात आम्ही दोघी अशा राहत होतो, जशा एका मजल्यावरच्या शेजारणी. त्या वर्षात मला दुसरं काही नको होतं. तिनं एकदा, फक्त एकदा, त्यांच्याविषयी काहीतरी बोलावं. भांडावं, वाटल्यास मला दोष द्यावा. पण बोलावं.

आणि अशात हा सिनेमा आला.

आमच्या पाळकसाहेबांचा भाचा आशिष महाप्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. सुट्टीच्या दिवशी लग्नाचे व्हिडिओ करायचा. त्यानं कुठेतरी परदेशातले शिबिराचे सिनेमे पाहिले. डोंगर, तळं, लाकडी खोल्या, गिटार घेतलेली गोरीगोमटी पोरं, आणि शेवटी शेकोटीपुढे सगळ्यांना देव भेटतो. झालं. त्याच्या डोक्यात भुंगा शिरला. आपलं शिबिर, आपली मुलं, आपली गाणी, मराठीत. शहरातली एक हट्टी मुलगी आईच्या बळजबरीनं शिबिराला येते, नाक मुरडते, तिथे एक सालस मुलगा भेटतो, गाणी होतात, आणि शेवटी शेकोटीपुढे ती साक्ष देते आणि मोठं गाणं सुरू होतं. हट्टी मुलीसाठी त्याला रूथ हवी होती. मला वाटलं, ही पाणी प्यायला जाणार. पण ती हो म्हणाली. मीच चाट पडले.

महिनाभर आमच्याकडे तालमी चालल्या. मी गवार मोडता मोडता कधी सालस मुलगा व्हायचे, कधी पाळक, कधी शिबिरातली खडूस पर्यवेक्षिका. सगळी स्क्रिप्ट मला पाठ झाली. तिची साक्ष अशी होती: 'मी वाट चुकलेलं मेंढरू होते. माझ्या जीवनात काळोख होता.' मी म्हटलं, "रूथ, तुझ्या जीवनात काळोख कुठे होता गं? अभ्यासाच्या टेबलावर दोन दिवे आहेत." ती हसली. अशी हसली की वाटलं, आता विषय काढावा. काढला नाही. हसती पोर उठून गेली असती तर ते मला सोसलं नसतं.

त्या वेळी चर्चमधले सगळ्यांत ज्येष्ठ वडील म्हणजे भालेरावकाका. आमच्यात वडील हे पद असतं, वयाशी त्याचा संबंध असतोच असं नाही, पण काकांच्या बाबतीत दोन्ही जुळलं होतं. माणूस सोन्यासारखा, फक्त नियमाला पक्का. स्क्रिप्ट वाचून ते म्हणाले, "मुलगा-मुलगी हात धरणार नाहीत." आशिष म्हणाला, "काका, गाणं आहे ते!" "गाण्यातही हात हातच असतो." शेवटी तोड अशी निघाली की दोघांनी मिळून पाण्याचं पिंप उचलायचं. एका कडीला तो, दुसऱ्या कडीला ती. प्रेमगीत पिंपावर झालं. आजही ते पाहताना मला हसू आवरत नाही, कारण पिंप खरंच भरलेलं होतं आणि तो सालस मुलगा तिसऱ्या ओळीपासून वाकडा व्हायला लागला. दुसरा वाद संगीताचा. काकांना टाळ आणि पेटी हवी, पोरांना गिटार. आमच्या नगरकडच्या चर्चमध्ये भजनच चालतं, अभंगाच्या चालीवर प्रभूचं नाव. काका म्हणाले, "देवाला काय इंग्रजीच कळतं का रे?" मग शेवटचं मोठं गाणं भजनानं सुरू करायचं ठरलं. गिटार मागून येईल.

शिबिराची जागा बंदराजवळच्या द्रोणागिरीला होती. एका संस्थेचं जुनं आवार, मधे चार आंब्याची झाडं, आणि चहूबाजूंनी कंटेनर. एकावर एक चढवलेले लाल, निळे, हिरवे कंटेनर. परदेशी सिनेमात जिथे डोंगर असतो तिथे आमच्याकडे हे. तळ्याच्या जागी पाण्याची टाकी. आशिषचा चेहरा पडला, मग दुपारभर फिरून त्यानंच स्वतःची समजूत घातली, "काकू, कलरफुल आहे पण!" बाहेरच्या रस्त्यावर ट्रेलरची रीघ. कुणी सूर लावला की ट्रेलरवाला भोंगा वाजवणार. आमच्या बसचे ड्रायव्हर करावे गावचे होते, तांडेलमामा. त्यांनी एकदा हात वर करून ट्रेलर थांबवला आणि आत ओरडले, "गाऊन घे गो पोरी, मी हाय हितं उभा!" ते वाक्यही गाण्यात आलंय. नीट ऐकलं तर कळतं.

मी स्वयंपाकघरात होते. उकाडा असा की फोडणी टाकायला गॅस कशाला, असं वाटावं. पोरं घामानं निथळत नाचत होती, आणि सिनेमा पाहून लोक म्हणतात, मुलांच्या चेहऱ्यावर काय तेज आहे! घाम तो. पण मी म्हणते, असू दे. नाहीतरी तेजाचं कुठे काय माहीत असतं आपल्याला.

एक गोष्ट मला तिथे पोचल्यावर लक्षात आली. आमचे हे तिथल्याच एका गोडाऊनला सुपरवायझर होते. आवाराच्या भिंतीपलीकडे त्याचं निळं छप्पर दिसायचं. मी रूथला काही बोलले नाही. तीही नाही. पण पोहे खाताना ती रोज त्या भिंतीकडे तोंड करून बसायची.

हे आजारी पडले तेव्हा आमच्या घरी प्रार्थनेची रांग लागली होती. दर गुरुवारी हॉलमध्ये सतरंज्या. बायका उपास करायच्या. रूथ शेवटपर्यंत गुडघ्यांवर बसायची. ते गेले, आणि तीच माणसं तितक्याच मायेनं म्हणाली, "प्रभूची इच्छा. फार चांगल्या ठिकाणी गेले." मीही म्हटलं. सगळे म्हणतात तेच मी म्हटलं, आणि मला त्याचा आधारही झाला. उगाच खोटं कशाला सांगू. अशी वाक्यं कठड्यासारखी असतात. धरून जिना उतरता येतो, एवढं पुष्कळ.

शेकोटी पेटवली ती सूर्य मावळायच्या आधीच, कारण आशिषला सोनेरी उजेड हवा होता. लाकडं म्हणजे गोडाऊनमधल्या मोडक्या फळ्या. मुलं गोल करून बसली, जाळापासून जेवढं लांब बसता येईल तेवढी लांब. भालेरावकाका पेटी घेऊन एका कडेला. मी पदर खोचून स्वयंपाकघराच्या दारात उभी, म्हणजे ती अडली तर ओठ हलवून आठवण करून देता येईल. आशिष म्हणाला, "ॲक्शन."

रूथ उठली. "मी वाट चुकलेलं मेंढरू होते," म्हणाली आणि थांबली. मी ओठ हलवले: काळोख, काळोख. ती माझ्याकडे बघतच नव्हती. भिंतीपलीकडे बघत होती.

"ते निळं छप्पर आहे ना," ती म्हणाली, "ते पप्पांचं गोडाऊन. सगळे म्हणतात, ते चांगल्या ठिकाणी गेले. इथं काय वाईट होतं? आमची बाल्कनी होती. खाडी दिसायची. रविवारी चर्चमधून येताना ते मटण आणायचे आणि कांदा स्वतः चिरायचे. त्यांना इथंच आवडत होतं. कुणी विचारलं का त्यांना, चांगल्या ठिकाणी जायचंय का म्हणून? आम्ही किती प्रार्थना केली. तुम्ही सगळ्यांनी केली. मग म्हणालात, प्रभूची इच्छा. आणि आमची? आमची इच्छा काहीच नव्हती का? मला देवाचा राग आलाय. खूप राग आलाय. झालं माझं."

फळ्या तडतडत होत्या. दोन मुली रडायला लागल्या. कुणीतरी सवयीनं "आमेन" म्हणून गेलं.

"कट!" आशिष ओरडला. "बाप रे, रूथ! काय केलंस! कसलं रिअल! फक्त ते मटण नको, आणि शेवटचं आभाराचं वाक्य राहिलं. उजेड आहे तोवर एकदा परत घेऊ, पटकन!" वाईट नव्हता तो. तिचे पप्पा गेलेले त्याला माहीत होतं, त्यांना खांदा दिला होता त्यानं. पण समोर कॅमेरा असला की माणसाला खरं रडणंही जमून आलेलं वाटतं. पोरीनं मनानं भर घातली, इतकंच त्याला वाटलं.

भालेरावकाकांना मात्र कळलं होतं. ते पेटीवरून उठले. त्यांचे डोळे भरले होते. "बेटा," ते म्हणाले, "साक्ष अर्धी सोडू नये. शेवटी आभार मान. 'म्हणून मी प्रभूचे आभार मानते.' म्हण माझ्या मागून. हलकं वाटेल बघ." अगदी प्रेमानं म्हणाले. जन्मभर त्यांनी साक्षी ऐकल्या होत्या, आभाराशिवाय संपलेली एकही ऐकली नव्हती. जखमेवर पट्टी बांधायची राहिली, अशा काळजीनं ते बोलत होते.

रूथनं तोंड उघडलं. "म्हणून मी..." पुढे येईना. सगळे तिच्याकडे बघत होते. "म्हणून मी..."

मी कधी चालायला लागले मला ठाऊक नाही. हातात झारा तसाच होता. कॅमेऱ्याच्या आणि तिच्या मधून गेले आणि तिच्यापुढे उभी राहिले. "तिचं बोलून झालंय, काका," मी म्हटलं. "बसू द्या तिला."

"काकू, तुम्ही फ्रेममध्ये आलात!" आशिष.

"आले तर आले."

काका पेटीपाशी गेले आणि त्यांनी भजन सुरू केलं. कॅमेरा धरलेल्या पोराला बंद करायचं सुचलंच नव्हतं, सगळं टिपलं गेलं.

परत घेणं झालं नाही. पुढे चर्चच्या पंचांच्या सभेत खूप खल झाला. आभाराशिवाय साक्ष दाखवायची कशी? काहींना ते बाधक वाटलं. रूथला विचारलं, ती म्हणाली, ठेवा नाहीतर काढा, मी दुसरं बोलणार नाही. आश्चर्य म्हणजे काकांनीच तोड काढली. म्हणाले, लगेच पुढे भजन आहे, भजनात आभार आहेत, मंडळी मानेल तिच्या वतीनं. मंडळी असते कशाला? त्यांच्याविषयी माझ्या मनात जे काही होतं ते त्या दिवशी निवलं.

म्हणून सिनेमात आता असं दिसतं: मुलगी बोलते, बोलता बोलता अडते, मग एका सुती साडीची पाठ मधे येते आणि सगळं चित्र त्या साडीनं भरून जातं. पेटी सुरू होते. पेटीखाली एक आवाज येतो, नाकातून फुटल्यासारखा. लोक म्हणतात, तो हुंदका काळजाला घरं पाडतो. आणि आईच्या पाठीआड सगळं झाकून टाकायचं, काय कल्पना लढवली दिग्दर्शकानं! आशिषनं ती शाबासकी ठेवून घेतली. घेऊ दे बापडा.

तो हुंदका नाही.

पाठीच्या अलीकडे असं झालं. तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि कानाशी म्हणाली, "आई, मला पप्पांचा आवाज आठवत नाहीये."

मी म्हटलं, "मोबाईलमध्ये आहेत ना गं व्हिडिओ."

"तो नाही. त्यात ते भाषण केल्यासारखं बोलतात. घरातला आवाज. तुम्ही सगळे त्यांच्याविषयी बोलता ना, तेव्हा मला तुमचेच आवाज ऐकू येतात. त्यांचा पुसला जातो. म्हणून मी ऐकत नाही."

म्हणजे वर्षभर पोर पाणी प्यायला जात नव्हती. उरलासुरला आवाज सांभाळायला जात होती. धीर देणारं एकही वाक्य तोंडात आलं नाही, आणि आलं असतं तरी ते माझ्याच आवाजात आलं असतं.

हे घराची किल्ली कायम विसरायचे. बेल वाजवायची नाही. दाराला तोंड लावून, नगरकडच्या ठसक्यात लेकीला हाक मारायची. मी घसा खाली ओढला, जमेल तसा जाड केला, आणि तिच्या कानात म्हटलं, "ओ सायेब, दार उघडा की. मानूस भाईर उभाय."

तिच्या नाकातून हसू फुटलं. माझी साडी तिनं दोन्ही मुठींत धरली होती. मग, दाराच्या आतून नेहमी विचारायची तसंच, तिनं विचारलं, "कोण माणूस?"

"तुमचाच की, सायेब."